चकचकीत दांड्याचं गाव

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर तुमच्यापैकी कुणीतरी तिकडे जाईल, जाण्याआधी रीतसर कळवेल, आणि मग तिथे जे व्हायचं ते होईल. सोलापूरहून तुळजापूरला जाताना ते रस्त्याच्या कडेलाच लागतं, एवढं पुरे. मी गेलो तेव्हा ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती आणि त्या भागात सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता.

माणसं प्रवासाला निघतात ती देऊळ नाहीतर डोंगर पाहायला. मी निघालो होतो एक बुश पाहायला. यंत्रातला लोखंडी दांडा ज्या कड्यात फिरतो ते कडं म्हणजे बुश. पूर्वी ते पितळेचं असे आणि त्याला सारखं तेल पाजावं लागे. पुण्याच्या आमच्या कारखान्यात आम्ही ते नायलॉनचं करू लागलो होतो, पोटात काचेचे बारीक तंतू आणि ग्राफाइटची पूड घालून. त्याला तेल लागत नाही, हा त्याचा मोठेपणा. तो मी घरीदारी इतक्यांदा सांगितला होता, की जेवताना तूप मागितलं की बायको म्हणे, "तुमच्या बुशाला लागत नाही, तुम्हालाच कशाला लागतं?"

या गावच्या सहकारी दूध संस्थेने दुष्काळात गुरांची छावणी उघडली होती. छावणीत कडबा बारीक करायचं यंत्र होतं, कडबा कुट्टी. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाला खातं आणि धाटं तुडवतं. कुट्टी केली की सगळं पोटात जातं. त्या वर्षी कडबा मिळणंच मुश्कील, त्यामुळे कुट्टी बंद पडून चालणार नव्हतं. पितळी बुशात तेल घातलं की उडणारा भुसा आणि धूळ त्यात कालवली जाई, आणि तो लगदाच बुश खाऊन टाकी. म्हणून संस्थेने आमचे बिनतेलाचे बुश घेतले. इतर ठिकाणी वर्ष काढणारे हे बुश इथे पंधरवडाही काढेनात. संस्थेकडून मागणीमागून मागणी येऊ लागली आणि प्रत्येक मागणीबरोबर तक्रार. आमच्या मॅनेजरना मागणी आवडत होती, तक्रार आवडत नव्हती. "जाऊन बघून या," ते म्हणाले, "आणि जाताना नवा जोड घेऊन जा."

सोलापूर स्टँड

बस देवीच्या भक्तांनी भरलेली होती. माझ्या शेजारी कवड्यांची माळ घातलेली एक आजी बसल्या होत्या, मांडीवर परडी. माझ्या मांडीवर बुशांचा खोका. माझ्या खोक्यात कोणता देव आहे याची त्यांना फार उत्सुकता होती, म्हणून मी एक बुश काढून त्यांच्या हातात दिला.

"लई हलकं हाय. कशाचं म्हनायचं?"

"नायलॉनचं, आजी. लोखंडाच्या दांड्याखाली बसवायचं."

त्यांनी तो परत केला. "नायलॉनची साडी घेतली व्हती सुनंनं. वरसात फाटली," एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. पुढचे चार दिवस मला त्या आजींची आठवण फार वेळा आली.

बाहेर बघण्यासारखं होतं ते सगळं वाळलेलं होतं. काळ्या जमिनीला पाऊल जाईल एवढ्या भेगा, हिरव्या म्हणाव्यात तर बाभळी, आणि रस्त्याकडेला रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसं. टँकर ज्या गावात यायचा असेल तिथे माणसांच्या आधी घागरींची रांग लागलेली.

छावणी

छावणी म्हणजे उजाड माळावर तट्ट्यांचे लांबच लांब गोठे, आणि मधोमध पत्र्याच्या शेडात डिझेल इंजिनावर चालणारी कुट्टी. संस्थेचे चेअरमन आप्पा स्वतः स्वागताला उभे होते. धिप्पाड माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. घरी कानडी बोलायचे आणि संस्थेत मराठी. रागावले की संस्थेतही कानडी. त्यांनी मला ताज्या फुलांचा हार घातला. पाण्याला महाग झालेल्या गावात ही फुलं आली कुठून, असं मी विचारलं.

"सोलापुरास्नं आणाया लागतेत साहेब," आप्पा म्हणाले. "दुष्काळ पडल्यापास्नं इतके साहेब यायलेत, की इचारू नका. कुनी दुष्काळ बघाया येतंय, कुनी छावणी बघाया. मागल्या हप्त्यात तर शेजारच्या जिल्ह्यातली मंडळी आल्ती, नुसती कुट्टी बघाया."

चहा आला. पाण्याची तूट दुधाने आणि साखरेने भरून काढलेली होती. पुण्यात आम्ही पाहुण्याला आधी पाणी देतो आणि चहाचं विचारतो; इथे चहा समोर येतो आणि पाणी विचारून देतात. नळाला पाणी नाही आलं की पुण्यात आम्ही वर्तमानपत्राला पत्र लिहितो. इथे मी तांब्याभर पाण्यात अंघोळ करायला शिकलो, आणि तेही पाणी खाली घमेलं ठेवून गुरांसाठी धरलं जायचं.

मग कुट्टी पाहिली. माझा वेळ मोडू नये म्हणून बुशावरची टोपी आधीच उघडून ठेवली होती. आत दांडा असा चकाकत होता, की त्यात मला माझा चेहरा दिसला. दाढी करायला हवी होती. यंत्र चालवणारे भीमराव बाजूला हात मागे बांधून उभे होते. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस.

"वा! मशीन काय ठेवलंय!" मी म्हणालो.

भीमराव लाजले. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "शिस्त हाय साहेब. कुनी साहेब मानूस यायचा म्हनलं, की लोखंडाचा आरसा व्हाया पायजे. म्या नियमच केलाय तसा."

दांडा आरसा होता आणि बुश मात्र उंदराने कुरतडल्यासारखा झाला होता. मी तो हातात घेऊन बघत राहिलो. तेवढ्यात आप्पांनी मला बाजूला नेलं.

"खरं सांगू का साहेब, ह्या मानसाचंच काय तरी चुकतंय. दुसऱ्या गावात तुमचा माल टिकतोय, इथंच टिकंना. आता तुमी सोता नवा जोड बसवा. त्यो बी खराब झाला, तर म्या भीमरावला घरी बसवनार. उपाध्यक्षाचा भाचा तयारच हाय."

खरं तर मला हायसं वाटलं होतं. बुशाचा दोष नसून माणसाचा आहे असं दुसरंच कुणी म्हणत असेल, तर कारखान्याच्या माणसाला ते गोड लागतं.

रोजचं माप

इथे थोडं शास्त्र सांगतो, नाहीतर पुढची फजिती कळणार नाही. आमचा बुश लोखंडावर फिरू लागला की पहिल्यांदा झिजतोच. पण झिजलेलं वाया जात नाही. त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, काळपट थर दांड्यावर चढतो आणि घट्ट बसतो. एकदा तो बसला की बुश लोखंडावर घासतच नाही, आपल्याच थरावर घासतो. मग यंत्र हलकं चालतं आणि झीज जवळजवळ थांबते. थर मात्र पातळ आणि एकसारखा हवा; ओबडधोबड असला तर त्याचे पोपडे निघतात आणि पहिल्यापासून सुरुवात होते.

म्हणून मी नवा जोड बसवला आणि जाहीर केलं, की रोज सकाळी मी येईन, बुश उतरवून माप घेईन. पहिल्या दिवशी झीज दिसली, ती दिसणारच होती. दुसऱ्या दिवशी कमी व्हायला हवी होती, ती तेवढीच. तिसऱ्या दिवशी तर थोडी जास्त. दांडा रोज सकाळी माझी वाट पाहत चकाकत असायचा. थर का बसत नाही? धूळ जास्त आहे? ग्राफाइट कमी पडलं? मी मुक्कामाला दिलेल्या संस्थेच्या ऑफिसच्या खोलीत बसून स्वतःच्याच मालाला शिव्या देत होतो आणि बसमधल्या आजींची नायलॉनची साडी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

त्या संध्याकाळी भीमरावांनी जेवायला बोलावलं. त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या होत्या. बरोबर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची तिखट चटणी. शेंगोळ्यांचा रस्सा मी दोनदा मागून घेतला, आणि दुसऱ्यांदा घेताना लक्षात आलं की पातेल्यात आता फारसं काही उरलेलं नाही. भीमरावांचे वडील दुसऱ्याच्या रानात राबले. घरात पगाराची नोकरी पहिल्यांदा भीमरावांनाच लागली होती. वाढताना त्यांच्या हाताला चिंचेचा वास येत होता. घरात भांडीही हेच घासत असावेत असं वाटून मला त्यांच्याविषयी फार बरं वाटलं.

"साहेब, एक इचारू?" शेवंताबाई म्हणाल्या. "ह्यांची नोकरी ऱ्हाईल न्हवं?"

"अगं, जेवू दे की त्यान्ला," भीमराव म्हणाले.

"जेवू द्या की. म्या ताट वडून घेतलंय का?"

बुश नापास झाला तर मी पुण्याला जाऊन दुसरा करणार होतो. यांच्या घरात दुसरं काही नव्हतं. मी बघतो, असं काहीतरी पुटपुटलो.

तुळजापूर

चौथ्या दिवशी आप्पांनी हुकूमच सोडला. तुळजापूर इतकं जवळ असून दर्शन न घेता साहेब परत गेला, तर ते लोकांना काय तोंड दाखवणार? आजचं माप उद्या घ्या. मीही कंटाळलो होतो, निघालो.

पायऱ्या उतरताना एक पुजारी मागे लागले आणि त्यांनी माझ्या पूर्वजांची चौकशी सुरू केली. आमच्या घराण्याचे पुजारी कोण, हे मला ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात त्यांनी ते ठरवूनही टाकलं. काय मागायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बुश टिकू दे." त्यांनी डोळेही न मिचकावता संकल्पात ते घालून टाकलं. त्यांच्या धंद्यात यापेक्षा चमत्कारिक मागणी येत असणार.

परतीची बस स्टँडातच बिघडली. रात्र एका लॉजमध्ये ढेकणांबरोबर काढली. दुसऱ्या दिवशीही बसचा पत्ता नव्हता, तेव्हा छावणीकडे कडबा घेऊन जाणाऱ्या ट्रकवर चढलो. भर दुपारी, डोक्यापासून पायापर्यंत कडब्याच्या कुसळांनी भरलेला, मी छावणीत उतरलो. माझी कुणी वाटच पाहत नव्हतं. कुट्टी चालू होती. आणि तिचा आवाज मला वेगळा वाटला, जरा मऊ.

मला पाहताच भीमरावांचा चेहरा उतरला. त्यांनी इंजिन बंद केलं. ट्रक आलेला बघून आप्पाही पोचले. मी टोपी उघडली. आत दांडा काळा पडला होता.

आप्पा कानडीत गेले. बराच वेळ ते कानडीतच होते. परत मराठीत आले तेव्हा म्हणाले, "साहेब, माफ करा. येक दिवस तुमी न्हाईत, तर ह्यानं मशीनची ही दशा केली!"

"आप्पा, साहेब येनार न्हाईत म्हनला तुमी," भीमराव कसेबसे म्हणाले, "म्हनून पुसलं न्हाय. काल दिवसभर आन् आज सकाळपास्नं कडबा लई आलाय, टोपी उघडायला सवडच झाली न्हाय. आत्ता पुसतो." आणि त्यांनी खिशातून पॉलिशपेपर काढला.

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो, की दावणीची दोन वासरं उठून उभी राहिली.

बुश उतरवला, माप घेतलं. पुन्हा घेतलं. परवाच्या मापापुढे काटा जवळपास सरकलाच नव्हता.

"भीमराव, तुम्ही हे रोज पुसत होता?"

"व्हय साहेब. तुमी यायच्या आधी. पैल्यांदा पॉलिशपेपर, मग चिंच, मग राख. पैल्या दिशी तुमी शाबासकी दिली, तवापास्नं डबल."

मी कडब्याच्या पेंढीवर बसलो. दुष्काळ बघायला साहेब आला की दांडा घासायचा. छावणी बघायला साहेब आला की दांडा घासायचा. बुश का झिजतो हे बघायला साहेब आला, की दुप्पट घासायचा. रोज दिवसभर बिचारा बुश थर चढवत होता आणि रोज सकाळी माझ्या सन्मानार्थ तो खरवडला जात होता. वर पॉलिशपेपरचे ओरखडे, ते बुशाला कानशीसारखे लागत होते. मला हसू आलं, आणि ते थांबेना. आप्पांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी न विचारता पाणी दिलं.

मग मी समजावून सांगायला लागलो. शेवंताबाई भाकरी घेऊन आल्या होत्या, म्हणून मला वाटलं तव्याचं उदाहरण चांगलं. "वहिनी, भाकरीचा तवा तुम्ही घासून चकचकीत करत नाही ना? त्यावर काळा थर बसलेला असतो, म्हणून भाकरी चिकटत नाही."

"आमच्यात रोज घासतेत तवा," शेवंताबाई म्हणाल्या. "तुमच्यात घासत न्हाईत व्हय?" पुण्यातल्या समस्त बायकांविषयी त्यांचं मत त्या क्षणी कायमचं ठरलं.

आप्पांना तर माझं बोलणं साफ नापसंत होतं. "म्हंजी घाण ऱ्हाऊ द्यायची? परवा जिल्ह्याचे मोठे साहेब यायलेत छावणी बघाया. त्यान्ला ह्ये काळं दाखवू?"

"आप्पा, वेशीवरच्या मारुतीच्या अंगावरचा शेंदूर तुम्ही कधी खरवडता का?"

आप्पांनी दोन्ही कानांना हात लावला. "शिव शिव! भलतं बोलू नगा."

"मग हेही तसंच समजा. पुटावर पूट चढतं, ते तसंच राहू द्यायचं."

आप्पांनी उपरण्याचं टोक दांड्याकडे नेलं आणि मागे घेतलं. त्यांना पटलं की नाही, कळेना. भीमराव मात्र पॉलिशपेपरची घडी घालत म्हणाले, "आमच्या बानं दीक्षा घेतली तवापास्नं आमच्यात शेंदूर न्हाय साहेब. पर ह्ये ऱ्हायलं तर नोकरी ऱ्हाती, एवढं कळलं. म्या न्हाय पुसनार."

मोठे साहेब

मोठे साहेब येणार त्या सकाळी आप्पांचे हात शिवशिवत होते. दोनदा ते शेडात शिरले आणि दोनदा बाहेर आले. शेवटी त्यांनी सोलापूरच्या हारांपैकी एक बुशावरच्या टोपीला घातला, वर कुंकवाचं बोट लावलं, आणि जरा शांत झाले.

साहेब आले. सोबत बरीच माणसं होती. गुरं पाहिली, दुष्काळ पाहिला, चहा घेतला. शेडात आल्यावर, नको तेच, त्यांना यंत्राची फार माहिती असल्याचं दिसलं. "हे उघडा," ते म्हणाले. भीमरावांनी आप्पांकडे पाहिलं आणि टोपी उघडली.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "हे असं काळं? इथे साफसफाई होत नाही का? कोण बघतं हे मशीन?"

भीमराव एक पाऊल पुढे आले. मी तोंड उघडणार, तोच आप्पा मध्ये उभे राहिले.

"ते पुसायचं नसतं साहेब," ते म्हणाले.

एवढंच. का, कशासाठी, काही नाही. साहेबांनी आप्पांच्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच बूट काढले आणि बुशाला हात जोडले. मागच्या सगळ्यांनीही जोडले. काचतंतू आणि ग्राफाइट घातलेल्या नायलॉनला इतका मान आजवर मिळालेला नाही.

परत

मला बसवर बसवून द्यायला भीमराव आले होते. हातात शेवंताबाईंनी बांधून दिलेले धपाटे. "साहेब, आता परत कधी येनार?"

"येणार नाही," मी म्हणालो. "मी येतोय म्हटलं, की आप्पा तुम्हाला पुन्हा घासायला लावतील. इतक्या वर्षांची सवय आहे त्यांची."

भीमरावांनी विचार केला. "मग नका येऊ साहेब," ते म्हणाले. इतकं मनापासून 'येऊ नका' मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

पुढे काही महिन्यांनी मॅनेजरनी बोलावलं. पुण्यात तेव्हा पाऊस चांगला सुरू झाला होता, तिकडे अजून नव्हता. "अहो, तुमच्या त्या दूध संस्थेची मागणी साफ बंद झाली. एक बुश मागवत नाहीत. काय बिनसलं ते बघून या. आणि या खेपेला आधी कळवून जा, म्हणजे तुमची व्यवस्था ठेवतील."

मी कळवलं नाही. सोलापूरला बसमध्ये चढलो आणि तिकीट मात्र त्या गावाचंच काढलं. जसजसं गाव जवळ आलं तसतसं मला उतरावंसं फार वाटू लागलं. शेंगोळ्या आठवल्या. आप्पांचा गोड चहासुद्धा आठवला. बस माळाजवळ आली तेव्हा आधी आवाज आला, तोच मऊ आवाज, आणि मग शेड दिसली. भीमराव यंत्रात कडबा सारत उभे होते, अंगावर भुसा, पाठ रस्त्याकडे. शेजारी कट्ट्यावर आप्पा बसले होते आणि येणाऱ्या बसकडे टक लावून बघत होते, कुणी साहेब उतरतोय का म्हणून.

कंडक्टरने घंटी मारली. "हितं उतरायचं न्हवं तुमाला?"

"नाही," मी म्हणालो, "तुळजापूर द्या." आणि आप्पांना दिसू नये म्हणून सीटखाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो.